व्हिडिओ डिस्कची कॉपी-सुरक्षा नेमकी कोणाला अडवते?

तबकडी

जुन्या डिस्कांच्या धाग्यावर ‘डीव्हीडीची कॉपी होत नाही कारण तिच्यात सीएसएस आहे’ असं दोघा-तिघांनी लिहिलं होतं. सीएसएस म्हणजे कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टीम, डीव्हीडीवरचा डेटा किल्लीशिवाय उलगडू नये म्हणून तो सांकेतिक करून ठेवायची, म्हणजे ‘गुंतवायची’ पद्धत. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

सीएसएस कॉपी रोखत नाही. वाचलेला डेटा परवान्याशिवाय चालवू देत नाही, एवढंच त्याचं काम. हा फरक नजरेआड केला की १९९६ पासूनचा सगळा खटाटोप का फसला ते कळत नाही. म्हणून आधी आतली रचना मांडतो.

डीव्हीडीचा सेक्टर, म्हणजे डेटाचा सर्वांत लहान तुकडा, २०४८ बाइटचा असतो. सीएसएस लावलेल्या सेक्टरचे पहिले १२८ बाइट उघडे, पुढचे १९२० गुंतवलेले. उघड्या भागात शून्यापासून मोजलं तर २० क्रमांकाच्या बाइटमधले दोन बिट ‘हा सेक्टर गुंतवलेला आहे’ असं सांगतात, आणि ८४ ते ८८ हे पाच बाइट त्या सेक्टरचं बीज असतं. किल्ल्यांची उतरंड अशी: प्लेअर बनवणाऱ्या कंपनीला परवान्यासोबत प्लेअर-किल्ली मिळते. डिस्कच्या आतल्या कडेला, लीड-इन भागात, एकच डिस्क-किल्ली सुमारे चारशे वेगवेगळ्या प्लेअर-किल्ल्यांनी बंद करून ओळीनं ठेवलेली असते. प्लेअर त्यातली आपली नोंद उघडून डिस्क-किल्ली मिळवतो, तिनं टायटल-किल्ली उघडतो, आणि टायटल-किल्लीत सेक्टरचं बीज मिसळून तो सेक्टर सोडवतो. प्रत्येक किल्ली पाच बाइटची, म्हणजे ४० बिटांची.

आता हे गुंतवलेले बाइट लीड-इनसकट जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर छापले तर कोणताही घरगुती प्लेअर ती डिस्क मूळ डिस्कसारखीच चालवेल. एकही किल्ली फोडावी लागत नाही. ज्याच्याकडे स्टॅम्पर (डिस्क छापायचा साचा) आणि प्रेस आहे त्याला एवढं पुरतं. धंदेवाईक पायरसी अशाच कारखान्यांतून व्हायची. त्या लोकांना सीएसएसचा अडथळा पहिल्या दिवसापासून नव्हता.

अडला तो परवान्याविना प्लेअर लिहिणारा. १९९९ साली लिनक्सवर पैसे देऊन घेतलेली डीव्हीडी बघायची अधिकृत सोय नव्हती. रिजन (कोणती डिस्क कोणत्या देशांत चालावी याची विभागणी) पाळणं, रिमोटनं वगळता न येणारे इशारे दाखवणं, मॅक्रोव्हिजन (टेपवर उतरवलेलं चित्र बिघडवणारी युक्ती) चालू ठेवणं या सगळ्या अटी परवान्यात आहेत, आणि परवाना घेणं भाग पडावं यासाठी सीएसएस आहे. प्लेअर बनवणाऱ्यांवरचा ताबा म्हणून ते यशस्वी झालं असं मी मानतो. कॉपी-सुरक्षा म्हणून त्याचं कौतुक करणं चुकीचं आहे.

मृण्मयी_ग

पण साध्या डीव्हीडी रायटरवर सगळ्या फायली कोऱ्या डिस्कवर ओढून टाकल्या तर चित्रात चौकोनांचा कचरा येतो, किंवा फाइल वाचतानाच एरर येते. तेही सीएसएसमुळेच ना? म्हणजे घरच्या माणसाची कॉपी अडलीच की.

तबकडी

मृण्मयीताई, मुद्दा रास्त आहे. पण तिथे अडवतात ती कोरी डिस्क आणि ड्राइव्ह. गुंतवणीचं गणित तिथे आडवं येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीवर, लीड-इनमध्ये जिथे डिस्क-किल्लीचा संच बसायचा, ती जागा कारखान्यातच निकामी केलेली असते. रायटर तिथे काही लिहूच शकत नाही. टायटल-किल्ली तर २०४८ बाइटांच्या आत नसतेच. डिस्कवरचा कच्चा सेक्टर २०६४ बाइटचा: ४ बाइट क्रमांक, २ बाइट त्या क्रमांकाची तपासणी, ६ बाइट कॉपीराइट माहिती, मग २०४८ डेटा आणि शेवटी ४ बाइट तपासणी. किल्ली त्या ६ बाइटांत बसते. फाइल म्हणून डेटा ओढला की ती मागेच राहते. तुमच्या नव्या डिस्कवर गुंतवलेला डेटा आला, किल्ली आली नाही, म्हणून चौकोन.

एररचं कारण वेगळं. ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर यांची आपसातली ओळखपरेड झाली नसेल तर गुंतवलेला सेक्टर मागितल्यावर ड्राइव्ह थेट नकार देतो. सेन्स कोड ०५, पुढे ६एफ आणि ०३. लॉगमध्ये हा कोड दिसला तर डिस्क खराब झाली असं समजून ती फेकू नका. चरा असेल तर कोड ०३ पासून सुरू होतो, हा फरक ध्यानात ठेवा.

सोळा_सेक्टर

४० बिटांबद्दल थोडी भर. त्या काळी अमेरिकेतून निर्यात होणाऱ्या गुप्तलेखनावर ४० बिटांची मर्यादा होती, म्हणून हा आकडा. पूर्ण ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. १९९९ च्या मानानंही ते थोडंच होतं, पण सीएसएसला तेवढंही बळ नव्हतं.

आत दोन शिफ्ट रजिस्टर (बिट सरकवत ठरावीक नियमानं नवे बिट काढणारी यंत्रणा) आहेत, एक १७ बिटांचं आणि एक २५ बिटांचं. किल्लीचे दोन बाइट पहिल्यात, तीन दुसऱ्यात, आणि दोन्हीत एकेक बिट कायम १. दोघांतून निघणारे बाइट हातच्यासकट बेरीज करून वापरतात. आता तुम्हाला मूळ डेटाचे पाच-सहा बाइट आधीच ठाऊक असले, तर लहान रजिस्टरची सुरुवातीची स्थिती अंदाजानं धरायची. ६५,५३६ पर्याय आहेत. प्रत्येक पर्यायाला लहान रजिस्टरचे बाइट वजा केले की मोठ्या रजिस्टरचे बाइट आपोआप हाती येतात, आणि पुढचा बाइट जुळतो का ते बघितलं की झालं. एमपीईजी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) डेटात ठरावीक मथळे आणि एकसारखे भरीचे बाइट इतके येतात की ‘आधीच ठाऊक असलेले’ बाइट मिळायला वेळ लागत नाही.

डिस्क-किल्लीसाठी तर प्लेअर-किल्लीचीही गरज उरली नाही. लीड-इनमध्ये डिस्क-किल्लीचा पाच बाइटांचा तपासणी-ठसा असतो. फ्रँक स्टीव्हनसननं १९९९ च्या शेवटी दाखवलं की त्या ठशावरून उलट जाऊन २ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ३.३६ कोटी पायऱ्यांत डिस्क-किल्ली काढता येते. त्या वेळच्या पेन्टियमवर हे काही सेकंदांचं काम होतं. म्हणून एखाद्या कंपनीची प्लेअर-किल्ली रद्द करून काही उपयोग नव्हता. उलट ती रद्द केली असती तर त्या कंपनीचे लोकांच्या घरातले सगळे प्लेअर नव्या डिस्कना मुकले असते.

किल्लीवाले_काका

सोळा_सेक्टर यांनी गणित छान उलगडलं. घटनाक्रम मी लिहितो, कारण यात नेहमी घोळ होतो.

ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस हा सीएसएस सोडवणारा प्रोग्रॅम बाहेर आला. नाव जोन लेक जोहान्सेन या नॉर्वेच्या किशोरवयीन मुलाचं झालं, पण त्यात आणखी दोन अनामिक माणसं होती. झिंग कंपनीच्या सॉफ्टवेअर प्लेअरमधली किल्ली नीट झाकलेली नव्हती, तिथून सुरुवात झाली. स्टीव्हनसनचं विश्लेषण त्यानंतरचं. अमेरिकेत डीसीएसएस नेटवर ठेवल्याबद्दल ‘२६००’ या मासिकावर खटला झाला, २००० मध्ये न्यायाधीश कॅप्लन यांनी स्टुडिओंच्या बाजूनं निकाल दिला, २००१ मध्ये अपिलातही तो टिकला. नॉर्वेत उलट झालं. जोहान्सेन जानेवारी २००३ मध्ये निर्दोष सुटला, आणि डिसेंबर २००३ मध्ये अपिलातही. स्वतःच्या विकत घेतलेल्या डिस्कवरचा डेटा वाचणं हा तिथल्या न्यायालयानं गुन्हा मानला नाही.

मधल्या काळात कार्नेगी मेलनचे डेव्हिड टुरेट्स्की यांनी सीएसएस सोडवण्याच्या पद्धतींचं एक दालनच वेबवर उघडलं. तोच प्रोग्रॅम सी भाषेत, साध्या इंग्रजी वाक्यांत, टी-शर्टवर, हायकूंत. २००१ मध्ये एमआयटीतल्या दोघांनी तो पर्ल या भाषेच्या सात ओळींत बसवला. प्रोग्रॅम म्हणजे अभिव्यक्ती की हत्यार, हा प्रश्न त्या दालनानं न्यायालयापुढे ज्या ताकदीनं ठेवला तसा क्वचितच ठेवला गेला असेल. मला आजही ते दालन या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अनिकेत_व

सगळं मान्य, तरी एक वाटतं. पक्क्या चोराला कोणतंच कुलूप अडवत नाही, पण सामान्य माणूस सहज कॉपी करून शेजाऱ्याला देणार नाही एवढं तर झालं. स्टुडिओंना तेवढंच हवं असेल तर सुरक्षा फसली असं कसं म्हणायचं?

किल्लीवाले_काका

अनिकेत, हे तेव्हाच खरं ठरतं जेव्हा प्रत्येकाला आपापली कॉपी स्वतः फोडावी लागते. इंटरनेट आल्यावर एकानं एकदा फोडली की बाकीच्यांना फोडावंच लागत नाही, तयार फाइल मिळते. म्हणून ‘सामान्य माणसाला अवघड जातं’ या गोष्टीला किंमत उरली नाही.

शिवाय गळती डिस्कमधून होतच नव्हती. एटी अँड टी लॅब्जच्या संशोधकांनी २००३ मध्ये नेटवर सापडलेल्या लोकप्रिय चित्रपटांच्या प्रती तपासल्या. त्यातल्या ७७ टक्के प्रती उद्योगाच्या आतल्या माणसांकडून फुटलेल्या दिसल्या, आणि डीव्हीडी बाजारात आल्यानंतर पहिल्यांदा नेटवर आलेले चित्रपट जेमतेम ५ टक्के होते. पुरस्कारांसाठी पाठवलेल्या प्रती, संपादन-कक्षातल्या प्रती, थिएटरमधलं चोरटं चित्रण, या वाटांवर सीएसएस उभंच नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मोजर बेअरनं २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. रस्त्यावरची बनावट डिस्क साधारण त्याच भावात मिळत होती, तेव्हा छापील वेष्टनातली अस्सल डिस्क लोक खुशीनं घ्यायला लागले. पायरेटच्या धंद्याला हात घालणारी गोष्ट किंमत होती. व्हीसीडीत तर सुरक्षा नावाची गोष्टच नाही.

रेषाखंड

मॅक्रोव्हिजन राहिलं. ते सीएसएसपेक्षा जुनं, १९८५ च्या आसपासचं, व्हीएचएस टेपसाठीचं. पूर्णपणे अ‍ॅनालॉग युक्ती. चित्राच्या दोन फील्डच्या मध्ये ज्या न दिसणाऱ्या रेषा असतात त्यांत खोटे सिंक स्पंद (चित्र जागेवर ठेवणाऱ्या खुणा) आणि त्यांच्या मागोमाग अतिशय तेजस्वी स्पंद घुसवतात. रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरचं स्वयंचलित गेन-नियंत्रण (सिग्नलची ताकद कमी-जास्त करणारं सर्किट) तिथलीच पातळी मोजतं, त्याला वाटतं सिग्नल फार जोरात येतोय, म्हणून ते गेन खाली ओढतं. स्पंदांची उंची मुद्दाम कमी-जास्त करत ठेवतात, म्हणून रेकॉर्ड झालेलं चित्र काळवंडतं, उजळतं, पुन्हा काळवंडतं. टीव्हीचं सर्किट तसं वागत नाही, त्यामुळे थेट बघताना फरक पडत नाही.

डीव्हीडीवर हे स्पंद नसतात. डिस्कवर फक्त ‘लावा’ असा बिट असतो आणि प्लेअरमधली व्हिडिओ एन्कोडर चिप स्पंद तयार करते.

त्रास कोणाला झाला? ज्यांच्या टीव्हीला फक्त अँटेनाची खोबण होती त्यांना. प्लेअरची एव्ही वायर व्हीसीआरमध्ये आणि व्हीसीआरमधून टीव्हीत, अशी जोडणी केली की विकत घेतलेली डिस्कसुद्धा काळवंडत-उजळत दिसायची. उपाय साधा: मधून व्हीसीआर काढायचा आणि स्वतंत्र आरएफ मॉड्युलेटर (एव्ही सिग्नल अँटेनाच्या खोबणीत देता येईल असा करणारा डबा) लावायचा. उलट, टेपांच्या शेकडो प्रती काढणाऱ्याकडे टाइम बेस करेक्टर असतोच, कारण त्याशिवाय चित्र स्थिर राहत नाही. ते यंत्र सिंक आणि त्या न दिसणाऱ्या रेषा नव्यानं बनवतं, म्हणून मॅक्रोव्हिजन वाटेतच गळून पडतं. अमेरिकेनं १९९८ च्या कायद्यात व्हीसीआरनं मॅक्रोव्हिजनपुढे मान तुकवलीच पाहिजे असं कलम घातलं. तंत्र स्वतःच्या पायावर उभं राहत असतं तर ही वेळ आली नसती.

मृण्मयी_ग

मधल्या काळात सोनीच्या डीव्हीडींवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवायचे ना? तो काय प्रकार?

सोळा_सेक्टर

त्याचं नाव आर्कोस. त्याच जातीचं मॅक्रोव्हिजनचं रिपगार्ड, २००५ चं. प्लेअर डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. आयएफओ फाइलमध्ये कार्यक्रम-साखळ्या असतात, कुठल्या सेलनंतर कुठला सेल, त्या वाटेनं तो जातो. साखळीत कुठेच न येणाऱ्या जागी सदोष सेक्टर पेरून ठेवले तर प्लेअरला ते भेटत नाहीत. सरळ वाचत जाणारा प्रोग्रॅम मात्र अडकतो. एकेका सदोष सेक्टरला ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो, वेग बदलतो, लेन्स हलवतो, आणि हजारो सेक्टर असतील तर तासन् तास जातात.

तोड पहिल्या आठवड्यात सुचावी इतकी उघड आहे: प्लेअर ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं जा. पण काही घरगुती प्लेअर पुढचा डेटा आगाऊ वाचून ठेवतात. ते खरोखरच त्या खड्ड्यात पडले. २००७ मध्ये सोनीच्या काही नव्या डीव्हीडी काही प्लेअरवर सुरूच होत नव्हत्या, आणि त्या सगळ्या दुकानातून घेतलेल्या अस्सल डिस्क होत्या.

तबकडी

आता ब्लू-रे. तिची सुरक्षा-पद्धत एएसीएस. ती बनवणाऱ्यांनी सीएसएसच्या चुका नीट अभ्यासल्या होत्या हे मोकळेपणानं म्हणायला हवं. गुप्तलेखन १२८ बिटांचं एईएस, जगानं तपासलेलं. ते आजवर कोणी फोडलेलं नाही. फोडायची गरजच पडली नाही.

प्रत्येक प्लेअरला किल्ल्यांचा एक संच मिळतो आणि तो एका प्रचंड द्विशाखी वृक्षातल्या त्याच्या जागेवरून ठरतो. डिस्कवर मीडिया की ब्लॉक असतो. प्लेअर आपल्या संचातून त्या ब्लॉकवर प्रक्रिया करून मीडिया-किल्ली काढतो, तिच्यात डिस्कचा व्हॉल्यूम आयडी मिसळतो, मग टायटल-किल्ली. व्हॉल्यूम आयडी अशा पद्धतीनं कोरलेला असतो की साध्या रायटरला तो लिहिता येत नाही. एखादा प्लेअर फुटला तर पुढच्या डिस्कांवरच्या ब्लॉकमध्ये वृक्षाची ती फांदी वगळायची. बाकीचे प्लेअर चालूच राहतात. सीएसएसमध्ये जे जमत नव्हतं ते इथे कागदावर सुंदर जमतं.

प्रत्यक्षात काय झालं? डिसेंबर २००६ मध्ये मुस्लिक्स६४ या टोपणनावाच्या माणसानं एचडी डीव्हीडीच्या (ब्लू-रेची तेव्हाची स्पर्धक, तिच्यातही एएसीएसच) किल्ल्या सॉफ्टवेअर प्लेअर चालू असताना मेमरीतून वाचता येतात हे दाखवलं. फेब्रुवारी २००७ मध्ये आर्नेझामी या टोपणनावाच्या दुसऱ्यानं ब्लॉकवरची प्रक्रिया-किल्लीच काढली, आणि तिनं तोवरच्या सगळ्या डिस्क उघडल्या. ती सोळा बाइटांची संख्या काढून टाका अशा नोटिसा गेल्या. १ मे २००७ ला डिग या संकेतस्थळानं ती काढायला सुरुवात केली तेव्हा वाचकांनी पहिलं पान तिनंच भरून टाकलं, आणि शेवटी डिगनं हात टेकले. किल्ली रद्द झाली, मे अखेरीस नव्या ब्लॉकच्या डिस्क आल्या. त्या दुकानात पोचायच्या आधीच त्या उघडणारं सॉफ्टवेअर विक्रीला होतं.

रद्द करण्यात एक मूलभूत अडचण आहे. किल्ली फुटल्याचं कळलं तरच ती रद्द करता येते. ज्यानं फोडली तो ती स्वतःजवळ ठेवून फक्त उलगडलेल्या टायटल-किल्ल्या देत राहिला, तर कोणता प्लेअर फुटलाय हे शोधायचं कसं? आणि आधी विकलेल्या डिस्कांवरचा ब्लॉक तर बदलताच येत नाही. चोरापासून लपवायची किल्ली आणि गिऱ्हाइकाला द्यायची किल्ली एकच आहे, आणि गिऱ्हाईक कोण नि चोर कोण हे प्लेअरला ओळखता येत नाही. सीएसएस असो की एएसीएस, गणित कितीही मजबूत करा, ही गाठ सुटत नाही.

किल्लीवाले_काका

ब्लू-रेवरचा आणखी एक थर, बीडी प्लस, तोही सांगा. डिस्कवरच एक छोटा प्रोग्रॅम, प्लेअरमधल्या आभासी यंत्रावर तो चालणार, प्लेअरशी छेडछाड झालीय का ते तपासणार, आणि मुद्दाम बिघडवलेले व्हिडिओचे तुकडे चालवताना दुरुस्त करणार. दर चित्रपटाला नवा प्रोग्रॅम. हे दहा वर्षं टिकेल असं २००७ मध्ये एका विश्लेषकानं म्हटलं होतं. पहिल्या डिस्क ऑक्टोबर २००७ मध्ये आल्या, नोव्हेंबरमध्ये मॅक्रोव्हिजननं हे तंत्र साडेचार कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि मार्च २००८ मध्ये त्याला वळसा घालणारं सॉफ्टवेअर दुकानात आलं. आभासी यंत्राची नक्कल करणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. ज्या यंत्राचं वर्णन कोणत्याही संगणकावरच्या परवानाधारक प्लेअरमध्ये बसलेलं असतं, ते चिकाटीच्या माणसाला वाचता येतंच.

रेषाखंड

केबलचीही तीच कथा. प्लेअरपासून पडद्यापर्यंत केबलमधून जाणारं चित्र गुंतवणाऱ्या एचडीसीपीच्या पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणाला ५६ बिटांच्या ४० किल्ल्या आणि ४० बिटांचा क्रमांक, ज्यात २० एक आणि २० शून्य. सगळं रेषीय. ४० उपकरणांच्या किल्ल्या जमवल्या की मूळ सारणी साध्या समीकरणांनी सुटते, असं २००१ मध्येच संशोधकांनी लिहून ठेवलं होतं. सप्टेंबर २०१० मध्ये ती सारणी नेटवर आली आणि इंटेलनं ती खरी असल्याचं मान्य केलं.

आणि तरीही प्रोजेक्टर लावणाऱ्याचे हाल आजही तेच. अ‍ॅम्प्लिफायर, स्प्लिटर, लांब केबल यांतल्या एकाची हातमिळवणी चुकली की पडदा काळा किंवा बर्फ. अशा वेळी प्लेअरची एक वायर थेट पडद्याला लावून बघा, मग मधलं एकेक उपकरण परत जोडत या. दोष कोणत्या डब्यात आहे ते तिथेच सापडतं. जुन्या प्रोजेक्टरचा तर प्रश्नच संपलाय: २०११ पासूनच्या नव्या ब्लू-रे प्लेअरना एएसीएसच्या अटींमुळे अ‍ॅनालॉग जोडणीवर एचडी चित्र देता येत नाही, आणि २०१३ नंतर बनलेल्यांवर अ‍ॅनालॉग व्हिडिओच नाही.

न्यूजर्सीकर

इकडे भारतातून आणलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडींबद्दल कायम विचारणा होते. वेष्टनावर ‘सर्व रिजन’ लिहिलेलं असूनही अमेरिकेतल्या प्लेअरवर लागत नाही. हेही सुरक्षेमुळे?

रेषाखंड

बहुतेक वेळा नाही. भारत डीव्हीडीच्या रिजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, पण सर्व रिजनच्या डिस्कला ते लागू नाही. तिथे आडवी येते पाल ही टीव्ही-चित्राची पद्धत (अमेरिकेतली एनटीएससी). डिस्कवर ५७६ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम, तुमच्याकडच्या बऱ्याच प्लेअरना फक्त ४८० रेषा आणि २९.९७ फ्रेम येतात. संगणकाच्या ड्राइव्हला पाल-एनटीएससी भेद कळत नाही, म्हणून लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावा, लागली पाहिजे. फक्त ड्राइव्हचा रिजन बदलू का असं विंडोजनं विचारलं तर घाईनं हो म्हणू नका. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये तो बदल पाचदाच करता येतो, नंतर शेवटचा रिजन ड्राइव्हमध्येच कायमचा बसतो. ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकूनही तो आकडा परत येत नाही.

आर्जव

भारतातल्या कायद्याची बाजू थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं परिणामकारक तांत्रिक उपाय मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतूनं’ हा शब्द फार महत्त्वाचा. अमेरिकेच्या कायद्यात कुलूप मोडणं हाच स्वतंत्र अपराध आहे, आपल्याकडे हक्कभंगाचा हेतू दाखवावा लागतो. गुप्तलेखनावरचं संशोधन, सुरक्षा-चाचणी, आणि कायद्यानं स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी केलेली कृती यांना त्याच कलमात सूट आहे. कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठीचा रास्त व्यवहार आहेच. प्रत विकणं, वाटणं, नेटवर चढवणं हे मात्र कोणत्याही सवलतीत बसत नाही.

महाराष्ट्रात २००९ मध्ये एमपीडीए कायद्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट हा वर्ग आला. त्यात स्थानबद्धतेची तरतूद आहे. डिस्कवर सुरक्षा होती की नव्हती याचा तिथे काही संबंध येत नाही.

नाट्यवेडा_पुणे

मग वाचनालयांनी काय करायचं? नाटकांच्या, कीर्तनांच्या व्हीसीडी कपाटात पडून आहेत, निर्मात्यांच्या परवानगीनं त्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या ठरवल्या तर पद्धत कोणती? सरळ फाइल कॉपी केली तर मध्येच थांबते.

तबकडी

परवानगी लेखी घ्या, मग पुढे.

व्हीसीडीची आयएसओ काढू नका. आयएसओ २०४८ बाइटांच्या सेक्टरसाठी आहे. व्हीसीडीचा व्हिडिओ मोड २ फॉर्म २ मध्ये असतो, सेक्टरला २३२४ बाइट. जास्तीची जागा मिळाली कारण त्यातून चूक दुरुस्त करणारा तिसरा थर काढून टाकलाय. म्हणून बारीक चऱ्यालाही व्हीसीडी लगेच अडखळते आणि ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची एरर येऊन कॉपी थांबते.

असं करा. आधी डिस्क कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाच्या एका थेंबानं धुवा, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. मग सीडीआरडीएओ या प्रोग्रॅमनं पूर्ण सीडी कच्च्या स्वरूपात, २३५२ बाइटांच्या सेक्टरनं वाचा. वेग ४ किंवा ८ पट, त्याहून जास्त नको. बिन आणि टॉक फाइल मिळेल. हीच तुमची मूळ प्रत, ती जपा. त्यातून व्हीसीडी-एक्सरिप या प्रोग्रॅमनं एमपीईजी काढा. पुन्हा एन्कोड करू नका. ३५२ बाय २८८ आणि ११५० किलोबिटचं चित्र आधीच जेमतेम आहे, दुसऱ्यांदा दाबलं की चेहरे पुसले जातात. तीन अंकांचं नाटक दोन-तीन डिस्कांवर विभागलेलं असतं, त्यांना जोडायचं ते प्लेलिस्टनं जोडा.

सुरक्षा नसलेली डीव्हीडी असेल तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. सेक्टर २०४८ सांगा, मॅप फाइल नक्की द्या. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय लावा, म्हणजे खराब भागावर वेळ न घालवता चांगलं तेवढं आधी हाती येईल. दुसऱ्या फेरीत थेट वाचन आणि तीन पुनर्प्रयत्न. तरी राहिलं तर तीच मॅप फाइल घेऊन डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात, आणि एकाला न जमलेलं दुसऱ्याला बरेचदा जमतं. शेवटी शा-२५६ (फाइल बदलली नाही हे पडताळायचा ठसा) काढून प्रतीसोबत ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

नाट्यवेडा_पुणे

फार उपयोगी, धन्यवाद. आणि सुरक्षा असलेल्या, विकत घेतलेल्या ब्लू-रे? त्या नुसत्या बघायच्या म्हटल्या तरी जुनं सॉफ्टवेअर हल्ली ड्राइव्हशी बोलतच नाही असं ऐकतो.

सोळा_सेक्टर

ऐकलंत ते बरोबर आहे. नवी ब्लू-रे घातली की तिच्यावरची रद्द-यादी ड्राइव्ह स्वतःच्या कायम मेमरीत उतरवून घेतो. जुन्या प्लेअर-सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र त्या यादीत असेल तर तो ड्राइव्ह त्या सॉफ्टवेअरला पुन्हा उभं करत नाही, अगदी जुन्या डिस्कसाठीसुद्धा. अपडेट देणारी कंपनी बंद पडली की तुमच्या कपाटातल्या डिस्क तशाच राहतात.

४के यूएचडी डिस्कचं त्याहून वाईट. तिथे संगणकावर अधिकृतपणे बघायला इंटेलची एसजीएक्स (प्रोसेसरच्या आत किल्ल्या लपवून ठेवायची) सोय लागते. इंटेलनं अकराव्या-बाराव्या पिढीपासून ती घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे परवाना असलेलं सॉफ्टवेअर, अस्सल डिस्क, चांगला ड्राइव्ह, नवा संगणक, सगळं असून चित्र नाही. पायरेटच्या फाइलला यातलं काहीच लागत नाही. २०१२ पासून प्रत्येक ब्लू-रे प्लेअरमध्ये सक्तीचं झालेलं सिनाव्हिया घ्या, आवाजात दडवलेली खूण ओळखून प्लेअर आवाज बंद करतो. तेही फक्त परवानाधारक प्लेअरच पाळतो. ओळखणारा भागच नसलेल्या मीडिया बॉक्सवर तीच फाइल बिनदिक्कत वाजते.

तेव्हा यूएचडी डिस्क घेणार असाल तर संगणकाच्या भरवशावर राहू नका, टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअर घ्या. यूएचडीला रिजन नाही, त्यामुळे प्लेअर कुठल्याही देशातला चालेल. साध्या ब्लू-रेला मात्र रिजन आहे, भारत ‘सी’मध्ये येतो, तेवढं खरेदीच्या वेळी वेष्टनाच्या मागे बघा. आणि संगणकावर आज चालू असलेला जुना ड्राइव्ह आणि जुनं सॉफ्टवेअर यांची जोडी असेल तर त्या ड्राइव्हमध्ये नवी डिस्क घालू नका. नव्यांसाठी दुसरा ड्राइव्ह ठेवा.